विज्ञानाचा शिक्षक आणि वर्गात आलेली यंत्रे

शालेय विज्ञानाच्या तासाला यंत्राची जोड देण्याचा भारतातला पहिला पद्धतशीर प्रयोग १९६१ साली दिल्लीत सुरू झाला. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने माध्यमिक शाळांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांचे पाठ पडद्यावरून दिले जाऊ लागले. शाळा झपाट्याने वाढत होत्या, पण प्रयोगशाळा आणि विज्ञान शिकलेले शिक्षक त्या वेगाने मिळत नव्हते. स्टुडिओतला एक निवडक शिक्षक प्रयोग करून दाखवी आणि अनेक शाळांतली मुले तो एकाच वेळी पाहत. वर्गातल्या शिक्षकाने पाठापूर्वी विषयाची तोंडओळख करून द्यायची आणि नंतर शंका सोडवायच्या, अशी वाटणी होती. प्रयोग मात्र आता त्याच्या हातून होत नव्हता.

या घटनेपासून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत साठाहून अधिक वर्षे लोटली. मधल्या काळात दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक, प्रोजेक्टर आणि मोबाइल ही यंत्रे शाळेत येऊन गेली किंवा तिथे रुळली. त्यांचा इतिहास सहसा संचांच्या आणि शाळांच्या आकड्यांत सांगितला जातो. त्याहून महत्त्वाचा इतिहास शिक्षकाच्या समजुतीचा आहे. यंत्र आत काय करते आणि आपल्या विषयाशी त्याचे नाते काय, हे शिक्षकाला कधी कळले आणि कधी कळू दिले गेले नाही, यावरच त्या यंत्राचा वर्गातला उपयोग ठरत आला आहे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' हा उपग्रहाधारित दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ पर्यंत चालला. अमेरिकेच्या 'नासा'ने आपला एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर वापरायला दिला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या मोठ्या छत्र्या उभारून थेट प्रक्षेपण घेतले गेले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, तरी प्रयोगाची बरीच सूत्रे मराठी हातांत होती. एकनाथ चिटणीस हे त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते आणि मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत.

'साइट'मधला शिक्षकांसाठीचा भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. एनसीईआरटीने तयार केलेले बारा दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षण दोन फेऱ्यांत दिले गेले आणि त्याचा लाभ सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना झाला. तेवढे शिक्षक एकाच अभ्यासक्रमातून इतक्या थोड्या काळात जाण्याची सोय इतर मार्गाने होणे अवघड होते. दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणी, छापील साहित्य आणि केंद्रावर प्रत्यक्ष करायच्या कृती होत्या. नुसत्या पडद्याने शिक्षक घडत नाही, हे योजणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पण वर्ष संपले, उपग्रह हलवला गेला आणि प्रशिक्षणाचा तो धागाही तुटला.

त्याच काळात यंत्राशिवाय चाललेल्या दोन प्रयोगांनी विज्ञानशिक्षकाच्या घडणीवर अधिक खोल ठसा उमटवला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विषयात त्यांचा उल्लेख अस्थानी वाटू शकतो, पण आजच्या प्रश्नांची मुळे तिथेच सापडतात.

पहिला प्रयोग होशंगाबादचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून आलेल्या अनिल सद्गोपाल यांची 'किशोर भारती' आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा सरकारी शाळांतून सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात शिक्षक मुलांसारखे चौघाचौघांच्या गटात बसून प्रयोग करत, नोंदी घेत आणि निष्कर्षावरून एकमेकांशी वाद घालत. एखाद्याचे निरीक्षण इतरांपेक्षा वेगळे आले तर ते खोडून टाकायची परवानगी नव्हती. ते वेगळे का आले, हे शोधावे लागे. वर्षभर दर महिन्याच्या बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडल्या जात आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. 'बाल वैज्ञानिक' या कार्यपुस्तिकांत संयोग आणि संभाव्यता यांवरही पाठ होता. वारंवार कौल टाकून, नोंदी करून आकड्यांचा कल कसा दिसू लागतो, हे खेड्यातल्या शाळेत शिकवले जात होते. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ च्या सुमारास या कार्यक्रमात काही काळ राहिले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी रचलेली विज्ञान-खेळणी तिथेच जन्माला आली आणि पुढे पुण्याच्या आयुकामधून मराठी मुलांपर्यंत पोहोचली.

दुसरा प्रयोग महाराष्ट्रातला. १९७४ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्याची धुरा डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्याकडे आली. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत केंद्राने सत्तरच्या दशकात काम केले. मुले विज्ञानात मागे का पडतात, हा मूळ प्रश्न होता. त्याचे एक उत्तर भाषेत सापडले. पाठ्यपुस्तकातली मराठी इतकी संस्कृतप्रचुर आणि लांबलचक होती की अनेक मुले आशयापर्यंत पोहोचतच नव्हती. तोच आशय सोप्या मराठीत मांडला की त्यांची कामगिरी सुधारे. दुसरे उत्तर मुलांच्या आधीच्या समजुतींत होते. मूल कोऱ्या पाटीने वर्गात येत नाही. वस्तू का पडतात, सावली कशी पडते, वीज कुठून येते, यांविषयी त्याने स्वतःपुरते काही ठरवलेले असते आणि ते बहुधा चुकीचे असले तरी सुसंगत असते. मूल नेमके कुठे आणि कसे चुकते याचा शोध घेणे हे पुढे या केंद्राच्या कामाचे महत्त्वाचे अंग बनले.

याच मुद्द्यावर दूर अमेरिकेत चाललेले काम येऊन मिळते. १९७० मध्ये हाइमे कार्बोनेल यांनी 'स्कॉलर' नावाची संगणकप्रणाली मांडली. ती दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर विद्यार्थ्याशी प्रश्नोत्तरे करी. त्यानंतर आलेली 'सोफी' ही प्रणाली इलेक्ट्रॉनिक मंडलातला बिघाड शोधायला शिकवे. पुढे भौतिकशास्त्राची गणिते पायरीपायरीने तपासणारी 'अँडीज' आणि साध्या भाषेत संवाद करणारी 'ऑटोट्यूटर' या प्रणाली आल्या. अशा प्रणालींच्या निर्मात्यांना एका गोष्टीची गरज पडत गेली: विद्यार्थी कोणत्या ठरावीक चुका करतो, याची यादी. ती यादी बरीचशी अनुभवी शिक्षकांकडून मिळत होती. म्हणजे शिकवणाऱ्या यंत्राच्या मुळाशी विज्ञानशिक्षकाचे ज्ञान होते. भारतातल्या शिक्षकाला मात्र हे कुणी सांगितले नाही. त्याच्यापर्यंत संगणक पोहोचला तो निराळ्या वेषात.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारचे शिक्षण खाते आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी मिळून 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. शाळांमधून संगणक-साक्षरता पसरवणे हा त्याचा हेतू होता. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि पुढे हा आकडा दोन हजारांवर गेला. वाटली गेलेली यंत्रे ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीची बीबीसी मायक्रो ही होती. आत ३२ किलोबाइट स्मृती, समोर पडदा आणि शिकायला बेसिक ही भाषा. निवडलेल्या शिक्षकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाले आणि त्यांत गणित-विज्ञान शिकवणारे पुष्कळ होते. त्यांच्यासाठी आलेले साहित्य बहुतांशी इंग्रजीत आणि परदेशी वर्गांसाठी रचलेले होते.

बीबीसी मायक्रोच्या मागच्या बाजूला एक खास जोडणी होती. तिच्यातून तापमान किंवा प्रकाश मोजणारे संवेदक लावता येत आणि मिळालेली मापे थेट पडद्यावर आलेखाच्या रूपात उमटत. ब्रिटनमधल्या शाळांनी विज्ञानाच्या प्रयोगांसाठी तिचा चांगला उपयोग केला. गरम पाणी थंड होताना दर काही सेकंदांनी तापमान नोंदवणे हे कंटाळवाणे काम यंत्र करी आणि वक्र असा का वाकतो, या चर्चेला मुलांचा वेळ मिळे. भारतातल्या प्रकल्पाचा रोख मात्र खुद्द संगणकावर होता. त्यामुळे तो प्रयोगशाळेत न जाता वेगळ्या खोलीत गेला. खोलीला कुलूप, यंत्रावर झाकण, आत जाताना चपला बाहेर आणि वेळापत्रकात 'संगणकाचा तास' अशी त्याची ओळख पक्की झाली. यंत्र बिघडेल या धास्तीने अनेक ठिकाणी मुलांचे हात त्याला क्वचितच लागले. संगणक हा विज्ञानाचा सोबती न राहता स्वतंत्र विषय बनला, आणि विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने ती दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी झाली. पुढच्या चाळीस वर्षांतल्या बऱ्याच अडचणींचे बीज या वाटणीत आहे.

नव्वदच्या दशकात 'क्लास'चे रूप बदलत गेले. डिसेंबर २००४ मध्ये माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची नवी केंद्रीय योजना आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह सोडला गेला. महाराष्ट्रात २००१ पासून 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक-अर्हता बंधनकारक असल्याने असंख्य शिक्षकांनी तो केला. टंकलेखन, तक्ते, ईमेल, सादरीकरण ही कौशल्ये त्यातून आली आणि शाळेचे कागदकाम सुकर झाले. तापमानाच्या नोंदींचा आलेख काढायला तोच तक्ता वापरता येतो, हा दुवा मात्र शिक्षकाने आपला आपण जोडायचा होता.

काहींनी अशा गोष्टी स्वतःहून जोडल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून त्यांमागे ध्वनिफिती आणि चित्रफिती ठेवल्या. ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेली आणि २०२० मध्ये डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाचा कणाही पुस्तकातले कोडच होते. हे साधन आत कसे चालते हे समजायला सोपे असल्याने शिक्षकांनी ते लवकर आपलेसे केले. चौकोन टिपला की ठरलेले पान उघडते. त्यात अंदाज नाही आणि आज एक, उद्या दुसरे असेही होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता इथेच वेगळी पडते. तिचे उत्तर आधी कुठे लिहून ठेवलेले नसते. ते दर वेळी नव्याने रचले जाते आणि त्यात संभाव्यतेचा वाटा असतो.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीत कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. समस्या नेमकी ठरवणे, विदा गोळा करणे, ती तपासणे, प्रतिमान बांधणे आणि त्याची पारख करणे असा कामाचा क्रम त्यात शिकवला जातो. विज्ञानाच्या शिक्षकाने हा क्रम वाचला तर त्याला तो परका वाटू नये, कारण प्रयोगवहीतल्या उद्देश, निरीक्षणे, आलेख, निष्कर्ष, त्रुटी यांचेच हे भावंड आहे. पण मंडळाने विषय कौशल्य-विषयांच्या यादीत ठेवला आणि शाळांनी तो स्वाभाविकपणे संगणकाच्या शिक्षकाकडे सोपवला. १९८४ सालची वाटणी पुन्हा एकदा तशीच झाली.

तोटा किती झाला हे एका जुन्या प्रयोगावरून कळते. शाळेत स्प्रिंगला वजने टांगून तिची वाढलेली लांबी मोजतात. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा नियम आहे. निरीक्षणे आलेख कागदावर मांडली की बिंदू एका रेषेत येतातच असे नाही. मग सर्व बिंदूंना शक्य तितकी जवळ असणारी रेषा काढली जाते. 'शक्य तितकी जवळ' हे कसे ठरवायचे याची गणिती रीत लजांद्र यांनी १८०५ मध्ये छापली. चुकांच्या वर्गांची बेरीज जी रेषा सर्वांत लहान करते, ती निवडायची. यंत्राचे शिकणे मूलतः हेच आहे. सरळ रेषेत चढ आणि छेद अशा दोनच संख्या जुळवायच्या असतात. मज्जातंतूंच्या धर्तीवर रचलेल्या मोठ्या जाळ्यांत अशा संख्या लाखोंनी, आता तर अब्जावधींनी असतात. चूक मोजायची, संख्या किंचित हलवायच्या, पुन्हा चूक मोजायची, हे चक्र तेच राहते. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधाने जाळ्याच्या आतल्या थरांपर्यंत चूक मागे नेण्याची रीत सर्वांसमोर आली.

तोच प्रयोग यंत्राची मर्यादाही दाखवतो. वजन फार वाढवले तर स्प्रिंग कायमची ताणली जाते आणि रेषा खोटी ठरते. जिथवर निरीक्षणे घेतली, तिथवरच रेषेवर भरवसा ठेवता येतो. आपल्याला मिळालेल्या विदेच्या कक्षेबाहेर कृत्रिम बुद्धिमत्ता अशीच घसरते, आणि घसरतानाही तिचा आवाज पूर्वीइतकाच ठाम असतो. नववी-दहावीचा विज्ञानशिक्षक हे एका तासात, एका स्प्रिंगच्या आधारे समजावू शकतो. तशी संधी त्याला अभ्यासक्रमाने दिली नाही, ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि प्रश्न अभ्यासक्रमाच्या चौकटीबाहेर गेला. शिक्षकाने विषय शिकवायला घ्यायच्या आधीच मुलांच्या वह्यांत त्याची उत्तरे उतरू लागली. शिक्षकही प्रश्नपत्रिका, टाचणे आणि प्रकल्पांचे मसुदे त्याच्याकडून करून घेऊ लागले. या घाईत त्याच्याकडे पाहायच्या दोन दृष्टी रूढ झाल्या. काहींना ते अधिक हुशार शोधयंत्र वाटते, म्हणजे कुठेतरी असलेले उत्तर शोधून आणणारे. काहींना ते सर्वज्ञ पंडित वाटते. प्रत्यक्षात भाषेचे हे प्रतिमान अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो याचा अंदाज करत वाक्य रचते. माणसांच्या लिखाणात जी गैरसमजूत खोल रुजली आहे, ती त्याच्या उत्तरातही डोकावू शकते. अंतराळस्थानकात माणसे तरंगतात कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते, हे विधान असंख्य ठिकाणी लिहिलेले सापडते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वीय त्वरण जमिनीवरच्या मूल्याच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक आणि माणसे एकत्रच सतत पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखे दिसते. अशी चूक पकडायला संगणकाची पदवी लागत नाही, भौतिकशास्त्राची पक्की समज लागते. मुलांच्या समजुतींचा जो अभ्यास मुंबईच्या केंद्रात झाला, त्याचा इथे थेट उपयोग आहे.

मराठी शाळांपुढे भाषेचा प्रश्न आणखी आहे. प्रतिमाने ज्या मजकुरावर घडतात त्यात मराठीचा वाटा इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे, आणि शालेय विज्ञानाच्या मराठी मजकुराचा त्याहून थोडा. त्यामुळे परिभाषा डळमळते. वस्तुमान आणि वजन, उष्णता आणि तापमान यांची सरमिसळ होते. खिरोद्याच्या काळात पुस्तकाची मराठी जड होती. यंत्राची मराठी बहुधा ओघवती असते आणि तिच्यातली चूक त्या ओघात झाकली जाते. ती ओळखायला शिक्षकाला पूर्वीपेक्षा जास्त सावध राहावे लागते.

शिक्षकाला नेमके काय कळायला हवे याविषयीचा विचारही संगणक शाळेत आल्यापासून पुढे सरकत होता. १९८६ मध्ये ली शुल्मन यांनी दाखवले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान यांच्या संगमातून शिक्षकाचे खास असे तिसरे ज्ञान तयार होते. २००६ मध्ये मुंबईच्या आयआयटीत शिकलेले पुण्य मिश्रा आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. त्यांच्या मांडणीनुसार यंत्र चालवता येणे ही पुरेशी समज नव्हे. हा आशय या मुलांना शिकवताना हे यंत्र काय सोपे करते आणि काय बिघडवते, हे कळणे म्हणजे समज. सप्टेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पाच पैलू आणि तीन पायऱ्या मिळून पंधरा क्षमता आहेत. माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी दृष्टी आणि नीतीची जाण यांना तंत्राच्या आधी स्थान दिले आहे. आराखडा सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी आहे. विज्ञानापुरता त्याचा अर्थ लावायचे काम ज्या त्या देशाचे आहे.

त्याच वर्षी विज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्यातली भिंत एका वेगळ्या बाजूने ढासळली. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मज्जाजाळ्यांवरील कामासाठी मिळाले. रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा प्रथिनांच्या रचनेचा अंदाज करणाऱ्या 'अल्फाफोल्ड'बद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना गेला. कृत्रिम बुद्धिमत्ता आता विज्ञान करण्याची एक रीत आहे, आणि विज्ञानाची रीत शिकवणाऱ्याला ती टाळता येणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासून पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांचा समावेश करण्याचे जाहीर केले. प्राथमिक शाळेत संगणकाचा वेगळा शिक्षक सहसा नसतो. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत परिसर अभ्यास, गणित आणि मराठी एकच व्यक्ती शिकवते. त्यामुळे विषयांची जुनी वाटणी तिथे आपोआप गळून पडते. परिसर अभ्यासात मुले पाने गोळा करून त्यांचे आकारावरून गट पाडतात, त्या गटांना नावे देतात आणि नवे पान आले की ते कुठे ठेवायचे यावर भांडतात. काही पाने कुठल्याच गटात बसत नाहीत. नाव दिलेल्या उदाहरणांवरून नव्या वस्तूचा गट ओळखणे हे यंत्राच्या शिकण्याचे प्राथमिक रूप आहे. ते शिकवायला वर्गात संगणक असावा लागत नाही. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात आणि आसपासच्या शाळांतले शिक्षक तिथे एकत्र बसतात. होशंगाबादच्या मासिक बैठकांसारखी ही रचना इथे आधीपासून उभी आहे. सूचनांचे वाचन थोडक्यात आटोपून तिथे शिक्षकांनी स्वतः पाने मांडायची, यंत्राचे उत्तर तपासायचे आणि त्यातली चूक एकमेकांना दाखवायची, एवढा बदल नव्या प्रशिक्षणाला करता येण्याजोगा आहे.